बी-१२ नॉर्मल, ड्रग टेस्ट निगेटिव्ह, आणि पोरगा भिंत धरून चालतोय

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी बरंच काही छापून येतं, व्हिसा, स्कॉलरशिप, घरभाडं, थंडीचे कपडे, सगळं मी वाचते कारण आमच्या घरातला एक तिकडे आहे. पण लाफिंग गॅसची नशा आणि ती नेहमीच्या टेस्टमध्ये का सापडत नाही, याबद्दल मराठीत कुठेच नीट वाचलं नाही म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, तुम्हाला हवं तिथे कापा, पण टेस्टबद्दलचा भाग कापू नका ही विनंती.

मी धायरीत राहते. ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता रिटायर. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा लंडनला मास्टर्स करतोय. त्याला विचारूनच लिहितेय, तो म्हणाला मावशी लिही पण नाव नको, तर नाव नाही.

डिसेंबर २०२४ च्या शेवटी तो सुट्टीत घरी आला तेव्हा तळपायाला मुंग्या येतात म्हणाला, आम्ही म्हटलं विमानात अवघडला असशील. मग म्हणाला अनवाणी असलो तरी मोजे घातल्यासारखं वाटतं. मग जिना उतरताना कठडा धरायला लागला, आणि एकदा सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले आणि धाडकन पडला. आता जानेवारी २०२५ मध्ये आमच्या सिंहगड रोडला काय चाललं होतं ते तुम्हीच रोज पहिल्या पानावर छापत होता. जीबीएस, म्हणजे गिलन बॅरे, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार. पुढे दोनशेच्या वर संशयित पेशंट झाले, धायरी, किरकटवाडी, नांदोशी, पाण्याच्या टँकरकडे बघायची भीती वाटायची. त्यात कोणाचे पाय लुळे पडायला लागले तर डोक्यात दुसरं काय येणार, शेजारचे काका तर दारातूनच विचारून गेले की टाकीचं पाणी उकळून पीत होतात ना.

हॉस्पिटलमध्ये पण तोच संशय आला, आणि त्यात त्यांची काही चूक होती असं मी म्हणणार नाही, त्या दिवसांत त्यांनी तेच आधी बघायला हवं होतं. मणक्यातलं पाणी काढून तपासलं तर प्रोटीन नॉर्मल. जीबीएसमध्ये ते वाढलेलं सापडतं, पण पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकतं म्हणून कोणी ठामपणे बोलेना. बी-१२ केलं, ३४० आलं, नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल, शुगर नॉर्मल, हिमोग्लोबिन पण ठीक. त्याच्या वडिलांनी तर आम्हाला न सांगता बाहेरच्या एका लॅबमधून लघवीची ड्रग टेस्ट करून घेतली, बापाचं मन, परदेशात एकटं पोरगं, संशय येतोच, ती पण निगेटिव्ह आली आणि ते रडले देवासमोर. सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि पोरगा भिंत धरून चालतोय.

शेवटी गाठ सोडवली एका रेसिडेंट डॉक्टर मुलीने. रात्रीच्या राउंडला आली, आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि त्याला सरळ विचारलं, तिकडे फुगे घेतोस का रे? तो म्हणे पाच मिनिटं गप्प होता. मग हो म्हणाला.

फुगे म्हणजे नायट्रस ऑक्साइड, शाळेत आपण लाफिंग गॅस म्हणून शिकलो तो. व्हिप्ड क्रीम फुगवायच्या यंत्रात ८ ग्रॅमच्या चंदेरी नळकांड्या घालतात, त्यातला गॅस फुग्यात भरून ओढायचा, मिनिटभर डोकं हलकं होतं, हसू येतं, संपलं. लंडनमध्ये नॉटिंग हिल कार्निव्हलनंतर रस्त्यावर या नळकांड्यांचा खच पडलेला असायचा. नंतर तर ६००-६५० ग्रॅमचे मोठे सिलिंडर आले, एका सिलिंडरमध्ये सत्तर-ऐंशी नळकांड्यांचा माल, त्यामुळे एकदा बसलं की किती झाले ते मोजायचं भानच राहत नाही. आमचा सप्टेंबरात पार्टीत दोन फुग्यांनी सुरू झाला आणि नोव्हेंबरात शनिवार-रविवार एक सिलिंडर तिघांत अशी पाळी आली. दारू पीत नाही, सिगरेट नाही, आणि हे काही ड्रग नाही अशी त्याची पक्की समजूत, गॅस तर डेंटिस्टकडे पण देतात ना म्हणे.

ब्रिटनने ८ नोव्हेंबर २०२३ पासून हा गॅस क्लास सी ड्रग केलाय, नशेसाठी जवळ बाळगला तरी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नेदरलँडने त्याच वर्षी १ जानेवारीला बंदी घातली. हे त्याला माहीत होतं, आणि म्हणूनच तो बोलत नव्हता, व्हिसा जाईल या भीतीने. पाय गेले तरी चालतील पण व्हिसा जाता कामा नये अशी अवस्था. डॉक्टरांना सांगितलेलं डॉक्टरांपाशी राहतं हे आपण पोरांना कधी सांगतो का?

आता माझ्या विषयाकडे येते, लॅब. इतके रिपोर्ट नॉर्मल कसे आले हे मला ३१ वर्षं लॅबमध्ये काढूनसुद्धा पहिल्या दिवशी सुचलं नाही याची मला स्वतःचीच लाज वाटली, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली ती ड्रग टेस्ट. लघवीच्या पट्टीवर जी टेस्ट होते ती ठराविक पदार्थ शोधते, गांजा, अफूचे प्रकार, कोकेन, अँफेटामिन, झोपेच्या गोळ्या वगैरे. हा गॅस त्या यादीत नसतोच. आणि घालायचा म्हटला तरी कसा घालणार, शरीरात त्याचं जवळपास काहीच रूपांतर होत नाही, जसा फुफ्फुसातून आत गेला तसाच काही मिनिटांत बाहेर पडतो. रक्तात पकडायचा तर लगेच, हवाबंद बाटलीत सॅम्पल घेऊन गॅस क्रोमॅटोग्राफीवर लावावं लागतं, ते फॉरेन्सिक वाल्यांचं काम, आपल्या कोपऱ्यावरच्या लॅबचं नाही. काही आठवड्यांपूर्वी लंडनमध्ये ओढलेला गॅस पुण्यात लघवीत शोधणं म्हणजे गेल्या वर्षीच्या पावसाचं पाणी यंदा अंगणात शोधण्यासारखं आहे. निगेटिव्ह येणारच होतं, आणि आम्ही पेढे वाटायचे बाकी होते.

दुसरं बी-१२, आणि खरी फसगत इथे होते. बी-१२ च्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा अणू असतो, हा गॅस त्या कोबाल्टचं ऑक्सिडेशन करतो, गंज चढतो म्हणा हवं तर. गंजलेलं बी-१२ रक्तात फिरत राहतं पण काम करत नाही, आणि आपलं मशीन एकूण बी-१२ मोजतं, त्यातलं कामाचं किती आणि बिनकामाचं किती हे त्याला कळत नाही. हजेरीपटावर सगळे हजर, शेतावर कोणीच नाही. वर आमच्या भाचेसाहेबांनी इंटरनेटवर वाचलं होतं की बी-१२ च्या गोळ्या खाल्ल्या की गॅस बाधत नाही, त्यामुळे तो रोज एक गोळी खात होता! गोळीने आकडा छान दिसला, मणक्याला उपयोग शून्य, कारण पुढच्या शनिवारी परत तेच. हा समज तिकडे मुलांमध्ये बराच पसरलाय म्हणे, तर ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मग काय करायचं? बी-१२ आहे का हे न विचारता बी-१२ चं काम चाललंय का हे विचारायचं. त्यासाठी दोन टेस्ट, होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड, याला लॅबमध्ये एमएमए म्हणतात. शरीरात होमोसिस्टीन तयार होत असतं आणि बी-१२ च्या मदतीने त्याचं मेथिओनिन होतं, नसांवरचं मायलिनचं आवरण धड राहायला ते लागतं. ते काम बंद पडलं की होमोसिस्टीन साठत जातं, कचऱ्याची गाडी चार दिवस आली नाही की सोसायटीच्या गेटपाशी जसा ढीग होतो तसं. एमएमए हे बी-१२ च्या दुसऱ्या एका कामाचं माप, तेही अडलं की वाढतं. ढोबळ सांगायचं तर होमोसिस्टीन लवकर आणि जोरात वाढतं, एमएमए जरा सावकाश, पण एमएमए वाढलं तर बी-१२ चंच बिघडलंय हे जास्त खात्रीने सांगता येतं, आणि आजार किती खोल गेलाय याच्याशी पण त्याचा मेळ बसतो.

भाच्याचं होमोसिस्टीन आलं ९६. नॉर्मल साधारण १५ पर्यंत. एमएमए बाहेरगावी जातं, सहा दिवसांनी रिपोर्ट आला, तेही कितीतरी पट जास्त. मानेच्या एमआरआयमध्ये मणक्याच्या मागच्या बाजूला पांढरा पट्टा दिसला, उलट्या इंग्रजी व्ही सारखा. पाय कुठे आहेत ही जाणीव वर नेणाऱ्या नसा तिथूनच जातात, त्यामुळे डोळे उघडे असले तर बघून तोल सांभाळता येतो, मिटले की गेला. बेसिनपाशी पडला त्याचा अर्थ तेव्हा कळला. साध्या तोंड धुण्यात निदान होतं आणि आम्ही फरशीवर पाणी सांडलं असेल म्हणून फरशी पुसत बसलो.

आता एक भानगड आपल्या लोकांची. ९६ आकडा बघून मला वाटलं झालं, सापडलं, पण त्या डॉक्टर मुलीने मलाच विचारलं, काकू, घरचे शाकाहारी का? हो, पिढ्यानपिढ्या. मग मी मुद्दाम त्याच्या वडिलांचं होमोसिस्टीन करून घेतलं. ते आलं २८! माणूस ठणठणीत, रोज पर्वतीच्या पायऱ्या चढतो. यात नवल काही नाही, पुण्यातच डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने २००६ मध्ये खेड्यातल्या आणि शहरातल्या पुरुषांचा अभ्यास छापलाय, त्यात जवळजवळ दोन तृतीयांश लोकांचं बी-१२ कमी आणि निम्म्याहून जास्त लोकांचं होमोसिस्टीन जास्त निघालं होतं. म्हणजे आपल्याकडे २५-३० आकडा आला तर त्यावरून पोरगा गॅस घेतो असं कोणी ठरवू नये, नाहीतर उद्या निम्म्या सदाशिव पेठेवर आळ यायचा. फॉलिक अ‍ॅसिड कमी असेल, किडनी बिघडली असेल, थायरॉइड कमी असेल तरीही होमोसिस्टीन वाढतं, किडनीत तर एमएमए पण वाढतं, म्हणून क्रिएटिनिन सोबत करायचंच. या टेस्ट गॅस दाखवत नाहीत, गॅसने केलेली नासधूस दाखवतात, आणि तशीच नासधूस दुसऱ्या कारणानेही होऊ शकते. त्यामुळे आकडा, लक्षणं आणि पोराचं स्वतःचं सांगणं, तिन्ही जुळवावं लागतं.

आणि याचीच दुसरी बाजू जास्त काळजीची आहे. ज्याच्या घरात पिढ्यानपिढ्या बी-१२ चा साठाच बेताचा, त्याने हा गॅस ओढला तर दिवाळं लवकर निघणार. ब्रिटनमध्ये लंडन, बर्मिंगहॅम आणि मँचेस्टरच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये असे शंभराहून जास्त पेशंट एकत्र मांडले, त्यात आशियाई वंशाची तरुण मुलं निम्म्याहून जास्त. ती का, याची कारणं बरीच असतील, नुसत्या जेवणावर ढकलता येणार नाही, पण आपली मुलं जपून असतात, हे गोऱ्यांचं खूळ आहे, असं म्हणायची सोय तरी राहत नाही.

लॅबवाल्या माझ्या भावंडांना आता दोन शब्द, बाकीच्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. होमोसिस्टीनचं सॅम्पल जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये, लगेच बर्फात, आणि तासाभरात सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा काढायचा. नाही काढला तर लाल पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा तासाला साधारण दहा टक्के चढतो. होम कलेक्शनचा मुलगा सकाळी सातला पहिलं सॅम्पल घेतो, बाइकवर आठ घरं फिरतो, अकराला सेंटरवर येतो, वर मे महिना, मग १४ चं २० झालं तर दोष कोणाचा? मी स्वतः अशी सॅम्पल परत पाठवलेली आहेत आणि त्यापायी मालकांची बोलणी पण खाल्लीत. आणि फॉर्मवर क्लिनिकल हिस्टरीची जी रेघ असते ती आपण कायम रिकामी घेतो, तिथे नायट्रस असं एवढं जरी लिहून आलं तरी पॅथॉलॉजिस्ट बी-१२ च्या नॉर्मल आकड्याखाली एक शेरा टाकू शकतो.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा आकार, त्यावर पण विसंबून राहू नका. बी-१२ बिघडलं की पेशी मोठ्या होतात असं पुस्तकात असतं, पण आपल्याकडे लोह कमी किंवा थॅलेसेमिया मायनर असला की पेशी लहान असतात, मोठ्या आणि लहान मिळून सरासरी छान नॉर्मल. तांब्याची कमतरता, एचआयव्ही, व्हीडीआरएल (म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची) या टेस्ट डॉक्टर सोबत लिहितात तेव्हा घरच्यांनी चिडू नये, आमची बहीण व्हीडीआरएलचं नाव वाचून दोन दिवस बोलत नव्हती. त्या रोगांतही मणक्याचा तोच भाग बिघडतो म्हणून ते बघावं लागतं, पोराच्या चारित्र्याचा तो दाखला नव्हे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते लाल इंजेक्शन. आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं, मुंग्या म्हटलं की फॅमिली डॉक्टर ताकदीचं लाल इंजेक्शन देतात, त्यात बी-१२ असतं. ते एकदा टोचलं की बी-१२ चा आकडा आकाशाला भिडतो आणि होमोसिस्टीन, एमएमए काही दिवसांतच खाली यायला लागतं, पुरावा गेला. आमचं नशीब की भाचा सुईला घाबरतो, पहिल्याच दिवशी आमचे डॉक्टर देत होते आणि हा नको नको करून पळाला, एरवी मी त्याला त्यावरून चिडवते. पण याचा उलटा अर्थ काढू नका, रिपोर्टसाठी इलाज थांबवायचा नाही. रक्त काढायला पाच मिनिटं लागतात, आधी ट्यूब भरा, मग लगेच इंजेक्शन सुरू करा, रिपोर्ट येईल तेव्हा येईल. एमएमएला सहा दिवस लागले तेवढे दिवस थांबलो असतो तर मणका थांबला नसता. ब्रिटनमध्ये हायड्रॉक्सोकोबालामिन एक मिलिग्रॅम दिवसाआड देतात, इथे त्याला डॉक्टरांनी ठरवलं तसं दिलं. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड आधी देऊ नये असंही त्या डॉक्टर मुलीने बजावलं, त्याने नसांचं आणखी बिघडू शकतं. आणि गॅस पूर्ण बंद, इंजेक्शन चालू आणि फुगेही चालू असं केलं तर पैसे पाण्यात.

ही माहिती काही नवीन नाही बरं का. १९५६ साली कोपनहेगनमध्ये धनुर्वाताच्या पेशंटना दिवसचे दिवस हा गॅस दिला तर त्यांच्या अस्थिमज्जेचं काम बंद पडलेलं आढळलं, आणि १९७८ मध्ये अमेरिकेत पाय लुळे पडलेल्या पंधरा जणांबद्दल छापून आलं, त्यातले बहुतेक सगळे डेंटिस्ट, म्हणजे गॅस हाताशी असणारे लोक. तेव्हा तो हाताशी असणं हे डेंटिस्टपुरतं होतं, आता मोबाईलवर ऑर्डर केला की दारात येतो, एवढाच काय तो फरक. डेंटिस्टकडे ऑक्सिजन मिसळून थोडा वेळ देतात त्याला घाबरायचं कारण नाही, फक्त आधीच बी-१२ फार कमी असेल तर ते डॉक्टरांना सांगा, कारण अशा पेशंटना भूल दिल्यावर त्रास झाल्याच्या केसेस आहेत.

पालकांनी घरी काय विचारावं, तर ड्रग्ज घेतोस का असं विचारूच नका, उत्तर नाही येणार आणि ते त्याच्या मते खरं असणार. फुगे, बलून, नॉस, हे शब्द वापरा. खोलीत क्रीमच्या नळकांड्या दिसल्या, ओठांवर किंवा मांडीच्या आतल्या बाजूला थंडीने भाजल्यासारखे डाग दिसले (सिलिंडर मांड्यांत धरून बसतात, तो बर्फासारखा गार होतो) तर समजून जा. मान खाली वाकवली की पाठीतून पायापर्यंत करंट गेल्यासारखं होतं असं म्हणाला तर त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्ट. आणि एका पायाला सूज आली किंवा एकाएकी दम लागला तर तेही अंगावर काढू नका, होमोसिस्टीन एवढं वाढलं की रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो.

तुम्हाला एक सुचवते, ती परदेशी जाणाऱ्यांसाठीची चौकट तुम्ही छापता त्यात जायच्या आधी करायच्या टेस्टची यादी असते, टीबीचा एक्स-रे वगैरे. त्यात बी-१२ आणि होमोसिस्टीन घाला. आधीचा आकडा किती होता हे माहीत असलं तर पुढे काही झालं तेव्हा ९६ कुठून आले हे भांडत बसावं लागत नाही. आमच्याकडे तो आकडा नव्हता म्हणून वडिलांचं रक्त काढावं लागलं.

भाचा मार्चअखेर काठीशिवाय चालायला लागला, एप्रिलात परत गेला, युनिव्हर्सिटीने एक टर्म पुढे ढकलून दिली. तिकडच्या डॉक्टरला त्याने सगळं स्वतः सांगितलं, व्हिसाला काहीही झालं नाही. दर महिन्याला होमोसिस्टीन करतात आणि रिपोर्ट मला पाठवतो, मागचं १३ होतं. मुंग्या अजून आहेत, बोटांच्या टोकाशी. परवा व्हिडिओ कॉलवर ब्रश करता करता बोलत होता, चूळ भरायला वाकला तेव्हा डावा हात बेसिनला घट्ट धरलेला होता.

आपली,
एक वाचक, निवृत्त लॅब टेक्निशियन
धायरी, पुणे